एका बाजूपुरतं ऐकणं

रेकॉर्डची एक बाजू संपली की कुणीतरी उठावं लागतं. सुई लेबलजवळच्या शेवटच्या खाचेत फिरत राहते, स्पीकरमधून ठरावीक अंतरानं टक्‌टक् येत राहतं, आणि आपण हात लावल्याशिवाय पुढचं काही लागत नाही. कित्येक वर्षं मी फोनवरच गाणं ऐकत आले. तिथे एक संपतं, दुसरं सुरू होतं, आणि कधी काय संपलं हे लक्षातही राहत नाही. आत्याच्या रेकॉर्ड्स घरी आल्या आणि माझं ऐकणं मुळापासून बदललं. ते कसं बदललं, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

आत्या मिरजेत राहायची, शाळेत संगीत शिकवायची. आता ऐंशी ओलांडली आहे. तिनं मिरजेचं घर आवरून आमच्याकडे पुण्याला यायचं ठरवलं, तेव्हा सामानाबद्दल तिची एकच अट होती. "भांडी कुणालाही दे. या दोन ट्रंका मात्र माझ्याबरोबर येणार, आणि आतल्या रेकॉर्डी उभ्याच राहिल्या पाहिजेत." एकावर एक आडव्या रचल्या तर वरच्या वजनानं खालच्या वाकतात, आणि वाकलेली रेकॉर्ड सरळ करणं फार अवघड. एका ट्रंकेत तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेल्या एलपी, म्हणजे मोठ्या लाँग प्ले तबकड्या होत्या, थोड्या मिनिटाला 45 फेऱ्यांच्या लहान तबकड्या होत्या. दुसरीत आजोबांच्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, खाकी कागदी पाकिटांत. तळाशी सुयांची पत्र्याची डबी, झाकणावर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा. आजोबांचा चावीचा फोनो कधीच मोडीत गेला, डबी तेवढी राहिली.

त्या डबीतल्या सुयांबद्दल आत्यानं मला पहिल्याच दिवशी समजावलं. पोलादी सुई एका बाजूला एक. बाजू संपली की सुई टाकायची. मला हा अपव्यय वाटला, पण त्यामागे कारण आहे. लाखेच्या तबकडीत नुसती लाख नसते, दगडाची बारीक पूड आणि काजळीही असते. ही पूड मुद्दाम घातलेली असते, कारण तिच्यामुळे तबकडीला कणखरपणा येतो आणि पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं होतं. झिजायचं ते सुईनं, तबकडीनं नाही. लाख आपल्याकडचीच, पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची. जगभरच्या तबकड्यांसाठी ती बहुतेक इथूनच जायची. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबियानं विनाइलची लाँग प्ले आणली, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची, आणि लाखेचा जमाना हळूहळू ओसरला. आपल्याकडे मात्र लाखेच्या 78 तबकड्या त्यानंतरही बराच काळ निघत राहिल्या.

तर रेकॉर्ड्स होत्या, वाजवायचं कशावर हा प्रश्न होता. आत्याचा जुना प्लेअर होता. पोर्टेबल, झाकणातच स्पीकर, वेगाच्या खटक्यावर 16, 33, 45, 78 असे चार आकडे. लावून पाहिला तर मोटर गुणगुणायची, ताटली जेमतेम हलायची. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करत करत शेवटी एका काकांपर्यंत पोहोचले. त्यांनी ताटली उचलली आणि खालचं रबराचं चाक दाखवलं. मोटरीची गती ताटलीच्या कडेला देण्याचं काम या चाकाचं. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यानं ते कडक झालं होतं, एका बाजूनं चपटंही. "ताई, यंत्र चांगलं आहे. न वाजवल्यानं बिघडलंय," काका म्हणाले. त्यांनी चाकाला नवीन रबर चढवलं, घासून गोल केलं, जुनं वाळलेलं ग्रीस काढलं. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, मात्र गेलंच होतं. जुन्या प्लेअरमधल्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये एक स्फटिक असतो, सुईच्या थरथरीनं त्यावर दाब पडला की वीज तयार होते. हा स्फटिक हवेतला ओलावा शोषतो आणि निकामी होतो. कृष्णाकाठच्या पावसाळ्यांनी त्याचं काय केलं असेल ते सांगायला नको. काकांनी त्यांच्या साठ्यातून दुसरं शोधून दिलं, तेही उलटायच्या सुईचं. बारीक पट्टी एका बाजूला फिरवली की 78ची सुई खाली येते, दुसऱ्या बाजूला फिरवली की एलपीची.

दोन सुया का, हे मला तेव्हा कळलं. 78ची खाच रुंद असते. तिला लागणाऱ्या सुईचं टोक एलपीच्या सुईच्या तिपटी-चौपटीनं जाड. एलपीची बारीक सुई 78वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळत राहते, भिंतींना टेकतच नाही, आणि ऐकू येते ती बहुतेक खरखर. उलट केलं तर एलपीची खाच फाटते.

हा प्लेअर सुईवर बराच भार टाकतो. लाखेला तो चालतो. एलपीसाठी मात्र मी नवा टर्नटेबल घेतला, स्फटिकाऐवजी चुंबकावर चालणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा, जिथे भार दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. म्हणून आता आमच्याकडे दोन यंत्रं शेजारी शेजारी आहेत. जुन्यावर आजोबांच्या तबकड्या, नव्यावर आत्याच्या.

नवा टर्नटेबल जुळवायला मला मनापासून मजा आली. आधी तो ठेवायचा ओटा स्पिरिट लेव्हल लावून सपाट केला. मग सुई धरणाऱ्या दांड्याच्या मागचं वजन पुढेमागे फिरवत तो दांडा हवेत अधांतरी तरंगेल असं करायचं, ना खाली जाईल ना वर. तो शून्य. तिथून कंपनीनं सांगितलेला भार मोजून द्यायचा. मग कागदी मापपट्टी ताटलीवर ठेवून सुईचा कोन बघायचा. या कोनाला किती महत्त्व आहे ते पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट. टर्नटेबलची वायर सरळ घरातल्या ॲम्प्लिफायरला जोडली तर आवाज बारीक, पातळ, जणू खर्जच नाही असा येतो. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच इतकी लांबरुंद डोलेल की एका बाजूवर फारसं मावणार नाही. वरचे स्वर वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते कमी करताना पृष्ठभागाची सळसळही कमी होते. हे सगळं उलटं फिरवून मूळ प्रमाण परत आणायचं काम फोनो प्रीॲम्प करतो. यासाठीचं एक मोजमाप 1954 च्या सुमारास बहुतेक कंपन्यांनी मान्य केलं, म्हणून आज कुठल्याही कंपनीची एलपी एकाच प्रीॲम्पवर नीट वाजते. मिरजेतल्या कुणाच्या लक्षातही न येणारी ही गोष्ट आत्याच्या जुन्या प्लेअरमध्ये आतच सोडवलेली होती.

धुण्याचं काम सगळ्यात लांबलं आणि सगळ्यात समाधानाचं होतं. एलपींवर पांढरट बुरशी होती, काही कव्हरांना कसर लागलेली. विनाइलसाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात पातळ साबणाचे दोनच थेंब, मऊ फडकं, आणि खाचांच्या दिशेनं गोल हात. लेबल कोरडं ठेवायचं. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या वाळवायच्या. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळल्यावर खाचेत बसतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावायचं नाही. सुतार लाकडाला लाखेचं पॉलिश करतो तेव्हा लाख स्पिरिटमध्येच तर विरघळवतो. त्या तबकड्या ओलसर फडक्यानं पुसून लगेच कोरड्या केल्या. बुरशी निघाल्यावर एलपीच्या काळ्या पाठीवर जो प्रकाश खेळतो, खाचांच्या घनदाट आणि विरळ पट्ट्या दिसतात, तो बघायला मी मुलांनाही बोलावलं. जोरकस जागा आणि शांत जागा डोळ्यांनी ओळखता येतात.

मग ऐकणं.

आत्यानं पहिल्यांदा आजोबांची 78 मागितली, थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते, 1937 मध्ये ते गेले आणि मिरजेतच त्यांची कबर आहे. दर्ग्याच्या उरुसातलं गाणं आत्यानं लहानपणापासून ऐकलेलं. सुई टेकली, आधी पावसासारखी सरसर आली, आणि मग तो टोकदार, गोड, किंचित सानुनासिक आवाज. मी हा आवाज फोनवर ऐकला होता, अनेकदा. तिथे सरसर काढून टाकलेली, आणि तिच्याबरोबर आवाजाची धारही बोथट झालेली. इथे ती धार शाबूत होती. आत्या डोळे मिटून बसली होती आणि मी घड्याळाकडे बघत होते, कारण या बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावतात हे मला माहीत होतं.

ती साडेतीन मिनिटं ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी शिकवण ठरली. दहा इंची 78च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, बारा इंचीला साडेचारच्या आसपास. एकेक राग तासतासभर गाणारे गवई या मापात कसे उभे राहिले असतील? टेप आलेली नव्हती. आवाज थेट मेणाच्या चकतीवर कोरला जाई. मध्ये चूक झाली तर चकती बाद आणि पुन्हा पहिल्यापासून. आधी मला वाटायचं, हे म्हणजे मोठ्या गाण्याचा नमुना, चव घेण्यापुरता. एकेक बाजू पुन्हा पुन्हा ऐकली आणि माझं मत पूर्ण बदललं. या गवयांनी मैफलीचं गाणं कापून लहान केलेलं नाही. त्यांनी तीन मिनिटांसाठी वेगळी रचना केली आहे. पहिल्याच आवर्तनात रागाचा चेहरा समोर. आलापाची एखादीच जागा, पण ती इतकी नेमकी की तिच्यानंतर दुसरीची गरज पडत नाही. मग बोल, मग दोन-चार ताना, आणि शेवटी मुखडा अशा बेतानं येतो की समेवर गाणं आणि बाजू एकदमच संपतात. घाई कुठेच नाही. वेळेचा असा हिशेब गाता गाता ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या जाड काळ्या तबकडीनं दाखवलं.

आजोबांच्या पाकिटांत हिराबाई बडोदेकरही निघाल्या. त्या खाँसाहेबांच्या कन्या, जन्म मिरजेचाच, 1905चा. वडिलांची बाजू आणि लगेच मुलीची बाजू अशी लावून ऐकली. स्वर लावण्यातली तीच कोवळीक, पण हिराबाईंच्या गाण्यात एक ठाम शांतपणा आहे. "दोघं एका घरातली, पण ही कशी बघ स्वतःची," एवढंच आत्या म्हणाली. सलग यादीत ऐकताना मला हा फरक कधीच जाणवला नसता. मधे उठून तबकडी बदलावी लागते, सुई पुन्हा टेकवावी लागते, आणि त्या मिनिटाभरात आधीचं गाणं कानात मुरतं.

16च्या आकड्याबद्दल मी काकांना विचारलं होतं. या वेगाच्या तबकड्या आपल्याकडे फारशा दिसायच्याच नाहीत, बोलण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी तो वेग, असं ते म्हणाले. मग मला आठवलं, 1977 मध्ये अमेरिकेनं व्हॉएजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तांब्याची तबकडी पाठवली, तिचा वेगही 16⅔ फेऱ्यांचा आहे. वेग कमी, म्हणून जास्त मावतं. त्या तबकडीवर गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. दोन्ही यानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उडाली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिनं प्लेअरचा खटका 16वर नेऊन ताटली नुसतीच फिरवून बघितली. इतकी हळू. त्या वेगानं कुणी कधी तिकडे भैरवी लावेल या विचारानं मला आजही भरून येतं.

एलपीनं माझ्यापुढे वेगळं दार उघडलं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं म्हणजे विलंबित, संथ लयीतला ख्याल नीट उभा राहतो. आत्याकडे अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध एलपी आहे, एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा मी फोनवर सुरू करायचे आणि खरं सांगायचं तर पाच-सात मिनिटांत बोट पुढे सरकायचं. मारव्यात षड्ज, म्हणजे मुक्कामाचा सा, लांबवलेला असतो. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांच्यात गाणं अधांतरी फिरतं, आणि घरी पोहोचायला मुद्दाम उशीर करतं. तो उशीर सोसला नाही तर षड्ज आल्याचं सुख मिळत नाही. सुई उचलून पुढे टाकणं एलपीवर जमतं, पण ते करायचा धीर होत नाही, खाचेला इजा होईल ही भीती असते. त्यामुळे मी बसून राहिले. झूमरा तालाची ती संथ लय, एकेका स्वरापाशी थांबणारा तो भारदस्त आवाज, आणि शेवटी एकदाचा लागलेला सा. मारवा मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळला.

मी लगेच बाजू उलटायला उठले तर आत्यानं हात धरला. "अगं, आत्ता कुठे दिवेलागण होतेय. दरबारी आत्ता नाही." मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीकडचा. जेवणं झाली, भांडी घासून झाली, मुलं झोपली, तेव्हा दहाच्या पुढे तिनं दुसरी बाजू लावायला सांगितली. आमच्या घरात आता ती एलपी कायम अशीच ऐकली जाते.

आता त्या कोनाबद्दल. ताटली एकाच वेगानं फिरते, पण बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच पार करते आणि लेबलजवळ जेमतेम 20. तेवढाच आवाज कमी जागेत कोरायचा, म्हणून शेवटी शेवटी तपशील अवघडतो, आवाज फाटण्याची शक्यता वाढते. पाश्चात्त्य गाण्यांच्या रेकॉर्डवर शेवटी एखादं शांत गाणं ठेवून हे सांभाळता येतं. ख्यालाचं तसं नाही. ख्याल चढतच जातो, आणि त्याच्या द्रुत ताना नेमक्या लेबलजवळ, सगळ्यात अवघड जागी येतात. सुईचा कोन जरा चुकला तरी तानेतले दाणे एकमेकांत मिसळतात. मी मापपट्टीवर तो पुन्हा पुन्हा जुळवला आणि मग ऐकलेली तान सुटी सुटी आली, मोती मोजून घ्यावेत तशी. ख्याल ऐकणाऱ्यानं टर्नटेबल जुळवण्यात कसूर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा वरचढ असतो, असं मी म्हणणार नाही. सीडी शांत असते, तिची हळू-मोठ्या आवाजातली झेप मोठी असते. पण या रेकॉर्ड्स ज्यांनी केल्या त्यांनी बाजूचं माप मनात धरून केल्या, आणि ते माप मोडून ऐकलं की रचनेचा एक पदर हरवतो. मला जो आनंद मिळतोय तो या पदराचा आहे.

घरचं ऐकून झाल्यावर बाहेरचंही बघायला लागले. पुण्यात जुना बाजार, मुंबईला गेले की चोर बाजारातली मटण स्ट्रीट. आत्याच्या काही कव्हरांवर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसचा शिक्का आहे. मुंबईला परीक्षकांच्या बैठकीला गेली की तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकून मगच ती घ्यायची. ते दुकान 2016 मध्ये बंद झालं. आता रस्त्यावर घेताना ऐकायला मिळत नाही, डोळ्यांवर भिस्त. रेकॉर्ड काढून उन्हात तिरपी धरायची. वरवरचे बारीक ओरखडे फारसे त्रास देत नाहीत. नखाला लागतो तो ओरखडा मात्र ऐकू येतोच. मधल्या भोकाभोवती लेबलवर पुसट रेषांचं जाळं असेल तर ती खूप वाजलेली आहे. आतली तबकडी कव्हरावरचीच आहे ना, हे बघायला विसरू नये. आणि धुळीला कधीच घाबरू नये.

याच बाजारात रेकॉर्ड वितळवून केलेली घड्याळं आणि वाडगे विकायला असतात. ते बघून माझा जीव कळवळतो. त्यातली एखादी तबकडी त्या गाण्याची उरलेली शेवटची प्रत असू शकते. 1902 मध्ये कोलकात्यात आपल्याकडे तबकड्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि गायिका गौहरजान त्या पहिल्याच फेरीत गायल्या. तेव्हापासून निघालेल्या हजारो बाजू ना सीडीवर आल्या, ना फोनवर आहेत. त्या फक्त कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. तुमच्या माळ्यावर असतील तर निदान उभ्या ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. वाजवायचं यंत्र नसलं तरी लेबलवरची नावं आणि लेबलशेजारी खाचांच्या आत कोरलेला क्रमांक वहीत उतरवून ठेवा. या क्रमांकावरून जाणकारांना ध्वनिमुद्रणाचा माग काढता येतो.

आम्ही तेच करतो आहोत. मी क्रमांक वाचते, आत्या वहीत लिहिते, तिचं अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे. 78च्या ट्रंकेतल्या निम्म्याच्या वर नोंदल्या गेल्या आहेत. दोन तबकड्यांना कडेपासून तडा गेलाय, त्या वाजवायच्या की नाही यावर आमचं एकमत होत नाही. मी नको म्हणते. आत्याचं म्हणणं, काकांना घरी बोलावून, सुईवरचा भार जपून बसवून, एकदा वाजवायच्या आणि त्याच वेळी ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या. काका येत्या रविवारी येतो म्हणाले आहेत.